छावणीत जन्मलेले बाबासाहेब : देशाचे सैन्य कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला

कर्जत-खालापूर पट्ट्यात पहाटे बाहेर पडलात तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्य भरतीची. यातली बरीच मुले आपल्या वस्त्यांमधली आहेत. हीच मुले पावसाळ्यात कोंडाणे लेण्यांवर येतात, चैत्यासमोर त्रिसरण-पंचशील घेतात आणि मग त्यांच्यातलाच एखादा प्रश्न विचारतो, की आपण बुद्धाचे अनुयायी, पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग बंदूक हातात घेण्याची नोकरी आपण करावी का?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. आपण त्यांना घटनाकार, अर्थतज्ज्ञ, धम्मप्रवर्तक म्हणून ओळखतो. पण त्यांचा जन्म छावणीत झाला होता, आणि देशाचे सैन्य कोणी बनवायचे, कोणाला त्यातून वगळायचे, या प्रश्नाचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. आजचा लेख त्यांच्या आयुष्याच्या या बाजूवर आहे.

सुभेदारांचे घर

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशातल्या महू या लष्करी छावणीत भीमराव जन्मले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आजोबा मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. वडील रामजी सुभेदार झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. मुरबाड म्हणजे आपल्या कर्जतला लागूनच असलेला तालुका. तिच्या माहेरचे पुरुषही फौजेतले, सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या काळात गावात आपल्या माणसाला सावली सांभाळून चालावे लागे, त्या काळात फौजेत एक महार माणूस सुभेदार होत होता, हिशेब लिहीत होता, मुलांना शिकवत होता. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची शाळा असे. पगार रोख, म्हाताऱ्या वयात पेन्शन, अंगावर गणवेश आणि हातात पुस्तक. महारकीतून बाहेर पडण्याचा त्या काळातला हा जवळजवळ एकमेव दरवाजा होता. बाबासाहेबांच्या घरी वाचनाची जी सवय होती, तिचे मूळ या छावणीच्या शाळेत आहे.

या दरवाजामागे मोठा इतिहास होता. शिवकाळात गडांच्या मेटांवर पहारा देणाऱ्यांत महार, रामोशी, कोळी होते. पेशवाईच्या अखेरीस याच माणसांना माणूसपण नाकारले गेले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला कंपनीच्या तुकडीने पेशव्यांच्या फौजेशी झुंज दिली. तिथल्या विजयस्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी नाक आहे, म्हणजे ते महार शिपाई होते.

दरवाजा बंद झाला

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी सैन्याची फेरमांडणी सुरू केली. उठाव मुख्यतः बंगाल आर्मीच्या शिपायांनी केला होता, आणि तो मोडायला पंजाबातले शिपाई आणि गुरखे उपयोगी पडले होते. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना लढवय्या जातींचा सिद्धांत पक्का झाला. काही जाती जन्मानेच शूर, काही जन्मानेच भित्र्या, असे या सिद्धांताचे सार होते. पलटणी आणि कंपन्या जातवार बांधल्या जाऊ लागल्या. १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली.

इंग्रजांना ही कल्पना या देशात नव्याने रुजवावी लागली नाही. ती इथे आधीच होती. शस्त्र क्षत्रियाने धरायचे, शूद्राने सेवा करायची, अतिशूद्राने वेशीबाहेर राहायचे, हे चातुर्वर्ण्य म्हणजे एका अर्थाने या देशाचे जुने लष्करी धोरणच होते. परक्या सत्तेने तेच उचलले, त्याला शास्त्राचा मुलामा दिला आणि भरतीच्या कागदावर छापले. जिथे उच्चवर्णीय शिपायाला महार सुभेदारापुढे सलाम ठोकण्याचा कमीपणा वाटत होता, तिथे सरकारने तो कमीपणा दूर करण्याऐवजी महार सुभेदारच दूर केला.

ज्या वर्षी हा दरवाजा बंद झाला, तेव्हा भीमराव वर्षाचे होते. सुभेदारांच्या घराण्यातली लष्करी परंपरा तिथेच तुटणार होती.

पण आपली माणसे गप्प बसली नाहीत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले होते. जोतिबा फुल्यांच्या विचारांचे हे माजी सैनिक. १८८८ मध्ये त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या समर्थकांना प्रश्न विचारले, आणि १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध सरकारसाठी अर्ज तयार केला. सुभेदार रामजींनीही या बंदीविरुद्ध खटपट केली; अर्जाच्या कामात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. आपल्या चळवळीचे पहिले लिखित कागद पाहिले तर त्यात मंदिरप्रवेशाआधी फौजेतल्या भरतीची मागणी दिसते. कारण ती भाकरीची, शाळेची आणि इभ्रतीची मागणी होती.

पहिले महायुद्ध आले आणि इंग्रजांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी झाली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ पर्यंत पलटण मोडली. संकटात शूर आणि शांततेत अस्पृश्य, असा हा व्यवहार होता.

बडोद्याचा अनुभव

भीमराव शिकले. १९१२ मध्ये बी.ए. झाले. पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ मध्ये परत येऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव केले.

सुभेदाराचा मुलगा एका संस्थानाचा लष्करी सचिव झाला. कागदावर ही केवढी मोठी झेप! प्रत्यक्षात कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी खानावळीत नाव बदलून उतरले, तर काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि बाहेर व्हायला सांगू लागले. त्या दिवशी ते कामाठी बागेत गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

लष्करी सचिवाच्या हाताखालचा शिपाई त्याला पाणी द्यायला तयार नाही, अशी ही व्यवस्था. हुद्दा वरून मिळतो, पण त्या हुद्द्याचा हुकूम चालतो की नाही हे समाजाच्या मनातली जात ठरवते. जे कचेरीत घडते ते पलटणीतही घडणार. देशाची संस्कृती देशाच्या सैन्यात कशी शिरते, याचा धडा बाबासाहेबांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

महाड आणि माजी सैनिक

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड जिल्हा. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीच्या भाषणात बाबासाहेबांनी दापोलीकडच्या एका जुन्या काळाची आठवण काढली होती, हे कमी जणांना ठाऊक आहे. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांमुळे त्या भागात एकेकाळी शिक्षण होते, शिस्त होती, स्वच्छता होती, स्वाभिमान होता. भरती बंद झाली आणि दोन पिढ्यांत ते सारे ओसरले. लष्करबंदीने आपल्या समाजाचे नेमके काय नुकसान केले, हे त्यांनी समोर बसलेल्या पेन्शनर शिपायांना आणि त्यांच्या मुलांना समजावले.

त्याच वर्षी १ जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करून आले होते. समता सैनिक दलाची उभारणीही याच काळातली. सरकारने पलटण नाकारली, तर समाजाने स्वतःचे शिस्तबद्ध दल उभे केले. त्याच्या नावातला सैनिक कोणावर हल्ला करायला नव्हता. सभा, सत्याग्रह आणि वस्ती यांच्या रक्षणासाठी होता.

लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब संरक्षणविषयक उपसमितीवर होते. तिथे बाकीची चर्चा इंग्रज अधिकाऱ्यांच्या जागी हिंदी अधिकारी कधी येणार यावर रंगली होती. बाबासाहेबांनी वेगळा मुद्दा लावून धरला. अधिकारी हिंदी झाले आणि भरती मात्र ठरावीक जातींपुरतीच राहिली, तर ते सैन्य देशाचे कसे होणार? कार्यक्षमतेची अट पाळून भरती सर्व जातींना, अस्पृश्यांनाही खुली हवी, ही त्यांची मागणी होती.

शस्त्र, मत आणि शिक्षण

१९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरचे त्यांचे न झालेले भाषण छापून आले. त्यात लष्कराचा विचार थेट येतो. युरोपातही बलवान आणि दुबळे होते, तरी तिथल्या दुबळ्यांच्या हातात तीन साधने होती. सक्तीच्या लष्करी सेवेने शारीरिक शस्त्र दिले, मताधिकाराने राजकीय शस्त्र दिले, शिक्षणाने नैतिक शस्त्र दिले. चातुर्वर्ण्याने इथल्या बहुसंख्य माणसांना ही तिन्ही नाकारली. म्हणून इथे क्रांती झाली नाही, असे त्यांचे निदान होते.

याची दुसरी बाजूही पाहा. ज्या देशात लढण्याचे काम एका वर्णापुरते ठरले, तिथे परचक्र आले की बाकीची प्रजा बघ्याच्या भूमिकेत राहते. राजा हरला तर राजा हरला, नांगर धरणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. देश हरण्याचे कारण सीमेवर जितके असते तितकेच गावाच्या वेशीवर असते.

१९४० च्या अखेरीस त्यांचे पाकिस्तानवरचे पुस्तक आले. लोक त्यातला फाळणीचा वाद आठवतात. पण त्यात सैन्याच्या रचनेवर एक भरघोस प्रकरण आहे आणि त्यात आकडे आहेत. १८५६ मध्ये सैन्यात पंजाब आणि वायव्येकडच्या लोकांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते, १९३० मध्ये ते ५८.५ टक्के झाले. संयुक्त प्रांत आणि बिहारकडचे लोक ९० टक्क्यांच्या आसपास होते, ते ११ टक्क्यांवर आले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत एका प्रदेशातली माणसे शूर आणि दुसऱ्या प्रदेशातली भित्री होत नाहीत. बदलले ते सरकारचे धोरण. १८५७ मध्ये कोण कोणत्या बाजूने उभा राहिला, त्याचे हे बक्षीस आणि ही शिक्षा होती. लढवय्या जातींचा सिद्धांत बाबासाहेबांनी असा आकड्यांनी उघडा पाडला. शौर्य जन्मावर असते असे मानणारा इंग्रज आणि पावित्र्य जन्मावर असते असे मानणारा शास्त्री, दोघांचे गणित एकच होते.

महार रेजिमेंट

दुसरे महायुद्ध पेटले होते. बाबासाहेबांच्या मते हिटलरचा नाझीवाद हा समतेचा उघड शत्रू होता आणि त्याचा पराभव होणे कामगारांच्या आणि दलितांच्या हिताचे होते. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने त्यांना संरक्षण सल्लागार समितीवर घेतले. त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, नंतर नागपूरजवळ कामठीला दुसरी. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १८९२ ला बंद झालेला दरवाजा जवळजवळ पन्नास वर्षांनी उघडला. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, पण तरुणांनी सैन्यात जावे हे सांगणे त्यांनी सोडले नाही.

इथे एक शंका रास्त आहे. जातीवर आधारलेल्या भरतीला विरोध करणाऱ्या माणसाने जातीच्या नावाची पलटण का मागितली? उत्तर त्या काळाच्या चौकटीत आहे. सैन्याची रचनाच जातवार होती. त्या रचनेत आपल्यासाठी खोली नसेल तर आपण घराबाहेरच राहणार होतो. आधी आत शिरायचे आणि मग भिंती पाडायच्या, असा हा मार्ग होता. पुढे घडलेही तसेच. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाचे काम करणारी ही रेजिमेंट आज सर्व जातिधर्मांच्या जवानांची आहे. देशाचे दोन लष्करप्रमुख, जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी, याच रेजिमेंटमधून आले. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. उलट १९४३ मध्ये उभी राहिलेली चमार रेजिमेंट १९४६ मध्ये मोडली गेली.

मित्र नसलेल्या देशाचा खर्च

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे मोठे कारण होते. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरण आणि संरक्षण खर्च हाही एक मुद्दा होता. सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जात होते. जगात भरवशाचे मित्र जोडले नाहीत तर एवढा भार एकट्याने वाहावा लागतो आणि मग शाळा, दवाखाने, शेती यांना काही उरत नाही, हा त्यांचा हिशेब होता. सैन्यात जा म्हणणारा हाच माणूस सैन्यावरच्या उधळपट्टीवर बोट ठेवत होता. त्यात विसंगती नाही.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते पुन्हा बोलले. पंचशील हा शब्द बौद्ध परंपरेतून उचलून चीनशी करार झाला होता. ज्या सत्तेने आपल्याच देशातल्या बौद्धांना धड वागवले नाही, तिचा पंचशीलावर किती विश्वास असेल, असा त्यांचा रोख होता. तिबेट गेले म्हणजे चीनची सरहद्द आपल्या दाराशी आली, हे त्यांनी बजावले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, देशाला त्याचा अर्थ कळला. शांततेची संस्कृती भाषणात मिरवायची आणि सीमेवरची वस्तुस्थिती पाहायची नाही, हीसुद्धा एक सवयच. तिचीही किंमत शेवटी जवानच मोजतो.

रोहिणीचे पाणी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत हे नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते. शाक्यांचा सेनापती संघासमोर युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. आपल्याकडूनही चूक झाली आहे, दोन्ही बाजूंची माणसे निवडून तंटा मिटवावा, अशी दुरुस्ती सुचवतो. मतदान होते आणि तो हरतो. मग लष्करात दाखल होण्याचा हुकूम निघतो. सिद्धार्थ नकार देतो. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती येऊ नये म्हणून तो परिव्राजक होऊन देश सोडण्याची शिक्षा स्वतः पत्करतो.

सुभेदाराच्या मुलाने बुद्धचरित्र असे सांगितले, हे ध्यानात घ्या. ज्याने चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढा दिला, त्याच्या लेखणीतून बुद्धाची कथाही पाण्यापासून सुरू होते.

आणि अहिंसा? बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. दुसऱ्याचे लुबाडण्यासाठी, सूडासाठी, सत्तेच्या लोभासाठी हिंसा करणे धम्माविरुद्ध आहे. निरपराधाला वाचवायला दुसरा उपाय उरलाच नाही, तर बळ वापरणे वेगळे. बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून दिली, कडक नियम म्हणून नाही, अशी त्यांची मांडणी आहे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते.

आता कोंडाण्याकडे

कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याशी आहेत. वर गड, खाली विहार. दोन हजार वर्षांपूर्वी कण्हाचा शिष्य बलक याने आपले नाव इथल्या दगडात कोरून ठेवले. घाटवाटेने व्यापारी येत, भिक्खू त्यांना आसरा देत. या वाटेला दोन्हींची गरज होती, रक्षण करणाऱ्याची आणि करुणा शिकवणाऱ्याची. अडचण तेव्हाच झाली जेव्हा रक्षण एका जातीची मिरास बनले आणि करुणा विहारातून हद्दपार झाली.

म्हणून पहाटे धावणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना सांगायचे ते एवढे. भरतीला जा, हा दरवाजा उघडण्यासाठी तीन पिढ्यांनी अर्ज लिहिले आहेत. पण जाताना तीन गोष्टी सोबत न्या. शौर्य जातीत नसते हे आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे. आपल्या पलटणीत कोणाला पाणी लांबून मिळत असेल तर ते पाहून गप्प बसायचे नाही. आणि युद्धाचा ठराव कोण मांडतो, कशासाठी मांडतो, हे विचारण्याचा नागरिक म्हणून असलेला हक्क गणवेश उतरवल्यावर विसरायचा नाही.

जे भरतीला जाणार नाहीत, त्यांनीही देशाच्या संरक्षणाचा विषय इतरांवर सोडून देऊ नये. अर्थसंकल्पातले आकडे वाचा, सैन्यात जातीच्या नावाने नव्या पलटणी मागितल्या जातात तेव्हा १८९२ आणि १९४१ ही दोन्ही वर्षे आठवा. बाबासाहेबांनी हा विषय तज्ज्ञांचा म्हणून कधी बाजूला ठेवला नाही. आपणही ठेवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!